विश्लेषण : फुप्फुसाच्या कर्करोगाच्या उपचारांत घास छातीत का अडकतो?

फुप्फुसाच्या कर्करोगावर किरणोपचार आणि केमोथेरपी एकाच वेळी सुरू केली, की दोन-तीन आठवड्यांत अनेक रुग्णांना गिळताना त्रास होऊ लागतो. ‘ॲसिडिटी’ समजून घरगुती उपाय केले जातात, जेवण तुटते, वजन उतरते आणि काही जण उपचारच अर्धवट सोडतात. हा त्रास बहुतेकांमध्ये तात्पुरता असतो. त्यापायी उपचारात पडणारा खंड मात्र महागात पडू शकतो.

त्रास नेमका काय होतो?

किरणोपचारांना रुग्णांच्या बोलीत ‘लाइट’ किंवा ‘शेक’ म्हणतात. पहिले आठ-दहा शेक बहुतेकांना जाणवतही नाहीत. यंत्राखाली काही मिनिटे निश्चल पडायचे आणि उठून घरी जायचे. दुखत नाही, भाजत नाही. दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस किंवा तिसऱ्या आठवड्यात मात्र बदल जाणवू लागतो. पोळीचा कोरडा घास छातीच्या मध्यावर थांबल्यासारखा वाटतो. गरम चहा कुठून कुठे उतरला ते कळते. पुढे छातीच्या मधल्या हाडामागे जळजळ सुरू होते, काहींना पाठीत दोन्ही खवाट्यांच्या मध्ये कळ येते. चौथ्या ते सहाव्या आठवड्यात हा त्रास सर्वाधिक असतो. शेवटचा शेक झाला म्हणजे दुसऱ्या दिवशी सुटका, असेही होत नाही. उपचार संपल्यावरही काही दिवस तो तसाच राहतो आणि मग साधारण दोन ते चार आठवड्यांत ओसरतो.

वैद्यकीय भाषेत याला किरणोपचारांमुळे होणारा अन्ननलिकादाह म्हणतात. त्याची तीव्रता श्रेणीत मोजली जाते. पहिल्या श्रेणीत रुग्णाला फारसे काही जाणवत नाही. दुसरीत गिळताना दुखते आणि खाणे बदलावे लागते. तिसरीत तोंडाने पुरेसे अन्नपाणी जातच नाही, नळीने आहार द्यावा लागतो किंवा रुग्णालयात दाखल करावे लागते. चौथी श्रेणी जिवावर बेतणारी. वेगवेगळ्या देशांतील १,०८२ रुग्णांची माहिती एकत्र करून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात दुसऱ्या श्रेणीचा त्रास सुमारे ३२ टक्के, तिसऱ्या श्रेणीचा १७ टक्के आणि चौथ्या श्रेणीचा एक टक्क्याहून कमी रुग्णांमध्ये आढळला. या त्रासामुळे त्यांतील एकाचाही मृत्यू झाला नव्हता. म्हणजे उपचार घेणाऱ्या निम्म्या रुग्णांना हे भोगावे लागते. तरीही पहिल्यांदा घास अडकतो तेव्हा बहुतेक घरांत पहिली शंका येते ती ‘रोग अन्ननलिकेत पसरला का?’ ही. उपचारांच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सुरू झालेल्या दुखण्याचे कारण बहुधा उपचार हेच असते. खात्री डॉक्टरांनीच करायची.

किरण फुप्फुसाला, मग अन्ननलिका का पोळते?

शेजारामुळे. अन्ननलिका ही सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची स्नायूंची नळी श्वासनलिकेला पाठीमागून चिकटून खाली उतरते. श्वासनलिका जिथे दुभंगून दोन्ही फुप्फुसांकडे जाते, त्या जागेभोवती लसिकाग्रंथींचा पुंजका असतो आणि फुप्फुसाचा कर्करोग तिसऱ्या टप्प्यात गेला की बहुतेकदा याच मधल्या ग्रंथींत शिरतो. किरण या ग्रंथींवर सोडावेच लागतात. अन्ननलिका तिथून काही मिलिमीटरवर असते, कधी ग्रंथी तिला टेकलेलीच असते. गाठ फुप्फुसाच्या कडेला असेल आणि ग्रंथी मोकळ्या असतील, तर त्रास कमी होतो. एकाच वॉर्डातल्या दोन रुग्णांपैकी एकाला काहीच न होणे आणि दुसऱ्याला पाणीही न उतरणे, यामागे बऱ्याचदा एवढेच कारण असते.

अन्ननलिकेच्या आतल्या अस्तराच्या पेशी सतत झिजतात आणि तळच्या थरातून नव्या पेशी वर येत राहतात. किरणांचा घाव या तळच्या, विभाजन पावणाऱ्या पेशींवर बसतो. वरचा थर नेहमीप्रमाणे झिजत राहतो, खालून भरपाई येत नाही. रस्त्यावरून अवजड वाहने जात राहावीत आणि डांबर टाकणारे कामगार मात्र येऊ नयेत, तसे. (लालबहादूर शास्त्री मार्गावरून पावसाळ्यात प्रवास करणाऱ्यांना हे अधिक समजावून सांगायला नको.) पहिले दोन आठवडे काही जाणवत नाही ते यामुळेच. जुना थर तोवर पुरतो.

केमोथेरपी या नुकसानीत भर घालते. सिस्प्लॅटिन, कार्बोप्लॅटिन, पॅक्लिटॅक्सेल ही औषधे किरणांनी जखमी झालेल्या पेशींना दुरुस्तीची उसंत मिळू देत नाहीत. कर्करोगाच्या पेशींच्या बाबतीत हेच हवे असते. पण औषध रक्तातून सगळीकडे जाते, अन्ननलिकेच्या अस्तरातही.

मग दोन्ही उपचार एकदम का देतात?

ग्लोबोकॅनच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला ८० हजारांहून अधिक जणांना फुप्फुसाचा कर्करोग होतो आणि त्यांतील बरेच जण रोग वाढल्यावरच निदानापर्यंत पोहोचतात. आपल्याकडे खोकला, वजन घटणे आणि छातीच्या एक्स-रेवरचा डाग याचा पहिला अर्थ क्षयरोग असा लावला जातो आणि कित्येकदा त्यात काही महिने जातात. शस्त्रक्रियेची वेळ निघून गेलेली असते, पण रोग छातीबाहेर गेलेला नसतो, अशा तिसऱ्या टप्प्यातील रुग्णांसाठी किरणोपचार आणि केमोथेरपी एकत्र देणे हा आजचा प्रमाण उपचार आहे. साधारण ६० ग्रे इतका किरणांचा डोस ३० भागांत विभागून, आठवड्याला पाच दिवस याप्रमाणे सहा आठवडे दिला जातो. उद्देश रोग मुळापासून घालवण्याचा असतो.

आधी केमो संपवून मग किरणोपचार दिले, तर अन्ननलिकेला त्रास खूपच कमी होतो. सहा चाचण्यांतील १,२०५ रुग्णांच्या माहितीवर २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणाने या दोन पद्धतींची तुलना केली. एकापाठोपाठ एक उपचार घेतलेल्यांत अन्ननलिकेचा तीव्र त्रास चार टक्क्यांना झाला, एकत्र उपचार घेतलेल्यांत १८ टक्क्यांना. पण तीन वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात १८.१ टक्के होते, तर दुसऱ्या गटात २३.८ टक्के. दर शंभरांमागे पाच-सहा माणसे अधिक जगली. सौदा हा आहे आणि तो रुग्णाला आधीच सांगायला हवा. घाईच्या ओपीडीत संमतिपत्रावर सही घेताना ‘थोडा गिळायला त्रास होईल’ एवढ्या एका वाक्यात तो उरकला जातो, हे बरोबर नाही.

लहान पेशींच्या कर्करोगातही हाच हिशेब १९९९ मध्ये दिसला होता. अमेरिकेतील एका चाचणीत काही रुग्णांना दिवसातून दोनदा किरणोपचार देऊन कोर्स तीन आठवड्यांत संपवला. पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण १६ वरून २६ टक्क्यांवर गेले, त्याच वेळी अन्ननलिकेचा तीव्र दाह ११ वरून २७ टक्क्यांवर.

म्हणून त्रास जितका जास्त तितका उपचार चांगला, असे मात्र नाही. ६० ऐवजी ७४ ग्रे दिले तर रोग अधिक आटोक्यात येईल, या अपेक्षेने अमेरिकेत झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. जास्त डोसच्या गटात अन्ननलिकेचा तीव्र त्रास सात टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर गेला आणि रुग्ण जगले उलट कमी. सरासरीचा मध्य २८.७ महिन्यांवरून २०.३ महिन्यांवर घसरला. तेव्हापासून ६० ग्रेच्या आसपास थांबणे हाच शहाणपणा मानला जातो.

एकत्र उपचार सगळ्यांना झेपतातच असे नाही. वय बरेच झालेले, आधीच वजन खूप घटलेले किंवा मूत्रपिंड, हृदय कमजोर असलेले रुग्ण यांच्यासाठी एकामागून एक उपचार किंवा फक्त किरणोपचार हा योग्य निर्णय ठरू शकतो. डॉक्टरांनी तसे सुचवले, तर आपल्याला ‘कमी दर्जाचा’ उपचार दिला, असा अर्थ काढू नये.

खंड पडला तर काय बिघडते?

कर्करोगाच्या पेशी किरणांच्या माऱ्याने मरत असतात, पण ज्या वाचतात त्या काही आठवड्यांनी अधिक वेगाने वाढू लागतात. रोजचा डोस त्यांच्या या वाढीला मागे टाकण्यासाठीच असतो. मध्येच आठ दिवस सुटी घेतली, तर ती सुटी गाठीलाही मिळते. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ रेडिओलॉजिस्ट्सने ज्या कर्करोगांचा कोर्स ठरल्यापेक्षा दोन दिवसांहून अधिक लांबू नये असे सांगितले आहे, त्या पहिल्या वर्गात बरे करण्याच्या उद्देशाने उपचार होणारा फुप्फुसाचा कर्करोग येतो.

आता हे कुर्ल्यात बसून पाहू. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय, जे १९४१ पासून उभे आहे, ते कुर्ल्याहून धिम्या लोकलने चौथे स्थानक : शीव, माटुंगा, दादर, परळ. खारघरच्या टाटा केंद्रात उपचार असतील, तर हार्बर मार्गावरची पनवेल लोकल. उत्तरेतून येणारे कितीतरी रुग्ण कुर्ल्याच्याच लोकमान्य टिळक टर्मिनसवर उतरतात आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी किंवा नातेवाइकांच्या एका खोलीत सहा आठवडे काढतात. स्थानिक असो की बाहेरचा, ३० वेळा जायचे आणि ३० वेळा यायचे. पाचव्या आठवड्यात पोटात अन्न नाही, केमोने रक्त कमी झालेले, अशा माणसासाठी चार स्थानकेही लांब होतात. मुंबईच्या लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यातून कर्करोगाच्या रुग्णांना प्रवास करता येतो, हे अनेकांना माहीत नसते. उपचाराची कागदपत्रे जवळ ठेवावीत.

दुसरा खंड पावसाचा. कुर्ला-शीवदरम्यान रुळांवर पाणी साचले की मध्य रेल्वे थांबते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठीचे पाणी कुर्ल्यातल्या घरांत शिरले, तो दिवस वेगळाच होता, पण एखाद-दोन दिवस गाड्या बंद पडणे दर पावसाळ्याचे आहे. असा दिवस चुकला तर घरी स्वस्थ बसू नये. किरणोपचार विभागाला त्याच दिवशी कळवावे. शनिवारी शेक देऊन किंवा एका दिवशी किमान सहा तासांच्या अंतराने दोन शेक देऊन डॉक्टर तो दिवस भरून काढू शकतात. त्यासाठी त्यांना वेळेत कळायला हवे.

तिसरा खंड मात्र रुग्ण स्वतः घेतो, आणि सर्वांत जास्त दिवस तोच खातो. ‘घशाला जरा बरे वाटू दे, मग पुढच्या आठवड्यात जाऊ.’ बरे वाटायला आठवडा पुरत नाही, दोन होतात. तोवर गाठीवरचा दाब गेलेला असतो. दुखणे औषधाने काबूत आणून शेक चालू ठेवायचा, हाच सर्वसाधारण नियम. थांबायचे की नाही, हे ठरवणे डॉक्टरांचे काम. पैशांमुळे खंड पडत असेल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत केमो व किरणोपचारांचा समावेश आहे. रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकांना उपचार सुरू होण्याआधीच भेटलेले बरे.

अन्ननलिका वाचवता येत नाही का?

काही प्रमाणात येते. उपचारांपूर्वी सीटी स्कॅनवर डॉक्टर गाठीबरोबरच अन्ननलिकाही आखून घेतात आणि तिच्या किती भागाला किती डोस बसेल हे संगणकावर मोजतात. वर उल्लेख केलेल्या १,०८२ रुग्णांच्या विश्लेषणात ६० ग्रे किंवा त्याहून अधिक डोस अन्ननलिकेच्या किती भागाला बसतो, हा त्रासाचा सर्वांत भरवशाचा अंदाज ठरला. तो भाग १७ टक्क्यांवर गेला की धोका बराच वाढतो. ‘आयएमआरटी’ या पद्धतीत किरणांची तीव्रता वेगवेगळ्या कोनांतून कमी-जास्त करून हा भाग घटवता येतो.

कॅनडातील एका चाचणीत रोग पसरलेल्या, केवळ आरामासाठी छातीला कमी डोस घेणाऱ्या रुग्णांमध्ये अन्ननलिका वाचवणारे असे नियोजन केले, तेव्हा जाणवण्याजोगा अन्ननलिकादाह २४ टक्क्यांवरून दोन टक्क्यांवर आला. पूर्ण डोसच्या उपचारात इतका फरक अपेक्षित धरता येत नाही, कारण गाठ टेकलेली असेल तर अन्ननलिकेची ती बाजू वाचवायला जाणे म्हणजे गाठीचा तुकडा सोडून देणे. अशा वेळी निदान नळीची विरुद्ध बाजू वाचवावी, म्हणजे नवे अस्तर तिथून पसरू शकेल, असा प्रयत्न अलीकडे होऊ लागला आहे. रुग्णाने नियोजनाच्या वेळी ‘माझ्या अन्ननलिकेला किती डोस बसणार?’ एवढे विचारायला हरकत नाही.

दुखण्यावर काय देतात?

सुरुवात जेवणाआधी गिळायच्या बधिर करणाऱ्या घट्ट औषधाने (लिग्नोकेन) होते. पंधरा मिनिटे आतली वाट सुन्न होते आणि तेवढ्यात जेवून घ्यायचे. पँटोप्रॅझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी दिली जाते, कारण सोललेल्या अस्तरावर पोटातले आम्ल आले की आग होते. सुक्राल्फेटचे पातळ औषधही अनेक ठिकाणी देतात. चाचण्यांत त्याचा ठोस फायदा दिसलेला नाही, पण काहींना त्याने बरे वाटते. मधाविषयी घरोघरी विश्वास आहे. अमेरिकेत नेमक्या याच रुग्णांवर मानुका मधाची रीतसर चाचणी झाली आणि नेहमीच्या उपचारांपेक्षा तो सरस ठरला नाही. आवडत असेल तर चमचाभर घ्यावा, मधुमेह असेल तर तोही नको. औषध म्हणून त्याच्या भरवशावर राहू नये.

दुखणे एकाएकी वाढले आणि तोंडात पांढरे चट्टे दिसले, तर बुरशीचा संसर्ग असू शकतो. केमोमुळे प्रतिकारशक्ती उतरलेली असते. त्यावर फ्लुकोनॅझोल दिले की काही दिवसांत फरक पडतो. केवळ ‘शेकामुळे दुखतंय’ म्हणून सोसत राहिल्यास हा सहज बरा होणारा भाग तसाच राहून जातो.

यापुढची पायरी मॉर्फिनची. इथे घरचे दचकतात. मॉर्फिन म्हणजे शेवट आला, किंवा माणूस नशेच्या आहारी जाणार, या दोन समजुती फार खोल आहेत. या रुग्णांत मॉर्फिनचे काम काही आठवड्यांचे असते. घास उतरावा, म्हणून ते देतात आणि अस्तर भरून आले की हळूहळू कमी करून बंद करतात. त्याने बद्धकोष्ठ होतो, म्हणून जुलाबाचे औषध पहिल्या दिवसापासून सोबत घ्यावे. अमली पदार्थविरोधी कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती झाली ती वेदनाशमनासाठी मॉर्फिन रुग्णांपर्यंत पोहोचणे सोपे व्हावे म्हणूनच. कागदोपत्री सोपे झालेले औषध अजून घरांच्या उंबऱ्यावर अडते.

एक सावधगिरी. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा गोळ्या मनाने घेऊ नयेत. सिस्प्लॅटिन आधीच मूत्रपिंडांवर ताण देते, त्यात या गोळ्या भर घालतात, शिवाय रक्तस्रावाचा धोका वाढतो. सिस्प्लॅटिन चालू असताना भरपूर पाणी पिणे गरजेचे असते आणि गिळताना दुखते म्हणून नेमके पाणीच कमी होते. लघवी कमी, गडद होऊ लागली तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

खायचे काय?

मऊ, ओले, कोमट आणि ताकदीचे. तांदळाची पेज पोटाला हलकी, पण नुसत्या पेजेत ताकद फारशी नसते. तिच्यात तूप, मुगाचे घट्ट वरण किंवा दुधाची पावडर मिसळली तर अर्थ आहे. मऊ खिचडी, गुरगुट्या भात, रव्याची पातळ खीर, दुधातले नाचणीचे सत्त्व, गोडसर ताजे दही, कुस्करलेले केळे, मऊ शिजवलेले अंडे, काटे काढून भातात कालवलेला मासा, मिरचीशिवाय केलेले पायाचे किंवा चिकनचे सूप, असे बरेच काही चालते. दोनदा भरपेट जेवण्याऐवजी सहा-सात वेळा थोडे थोडे. खाल्ल्यावर अर्धा तास तरी आडवे होऊ नये. रात्री डोक्याकडची बाजू उंच ठेवावी. दहा बाय बाराच्या खोलीत वेगळा पलंग नसतो, तिथे दोन जाड उशा पाठीखाली घेतल्या तरी काम भागते.

टाळायचे ते मुंबईकराला जड जाणारे : वाफाळता कटिंग, वडापाव, मिसळ, फरसाण, लोणचे, लसणाची चटणी, भाकरीच्या कडा. चहा सोडायची गरज नाही, निवू द्यावा. लिंबू, चिंच, टोमॅटो सोललेल्या अस्तराला झोंबतात. कोकणी घरांत थंडावा म्हणून सोलकढी दिली जाते. तिच्यात कोकमाचा आंबटपणा आणि मिरची दोन्ही असतात, त्यामुळे हे काही आठवडे तीही नको. उपासाची साबुदाणा खिचडी मऊ दिसते, पण शेंगदाण्याचे कूट आणि मिरची आत गेल्यावर त्रास देतात. एकादशी असो की रमजानचे रोजे, या सहा आठवड्यांत उपाशी राहणे झेपणारे नाही. दोन्ही धर्मांत आजाऱ्याला सूट आहे. दारू, विडी, सिगारेट, तंबाखू, मिश्री हे सर्व बंद. धूम्रपान चालू ठेवल्यास दाह वाढतो आणि उपचारांचा परिणामही उतरतो.

वजन दर आठवड्याला एकाच काट्यावर करावे. घरच्यांनी ताट किती रिकामे झाले, याच्यापेक्षा काट्यावर विश्वास ठेवावा. मुलाला, सुनेला वाईट वाटू नये म्हणून ‘जेवलो’ म्हणणारे वडील आणि स्वयंपाकघरातच खाऊन घेतले असे सांगणाऱ्या आई, दोघेही या रुग्णांत असतात. वजन भराभर घटले तर शरीर बारीक होते, मुखवटा किंवा आखणीच्या खुणा जागेवर बसत नाहीत आणि नियोजन पुन्हा करावे लागू शकते.

तोंडाने पुरेसे जात नसेल तर डॉक्टर नाकातून पोटापर्यंत बारीक नळी (राइल्स ट्यूब) घालायला सांगतात. ती तात्पुरती असते. घरचेच गाळलेले पातळ अन्न, दूध, औषधे तिच्यातून देता येतात आणि शेक चालू राहतो. नळी घालून लोकलने जाणे अनेकांना लाजिरवाणे वाटते. मास्क आता सगळ्यांच्या परिचयाचा झाला आहे, तो लावावा.

ताबडतोब रुग्णालयात कधी जावे?

थुंकीही गिळवत नसेल, दिवसभरात पाणी पोटात राहत नसेल, ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक असेल, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच होत असेल, पाणी पिताच ठसका लागून खोकला येत असेल, तर सकाळची वाट पाहू नये. केमो चालू असताना आलेला ताप ही तातडीची बाब आहे, क्रोसिन घेऊन झोपण्याची नव्हे. छातीत दुखणे गिळण्याशी संबंधित नसेल, सोबत घाम, धाप, डाव्या हातात कळ असेल, तर ते हृदयाचे असू शकते. या रुग्णांतील बरेच जण वयस्क आणि अनेक वर्षे धूम्रपान केलेले असतात. परळ गाठणे शक्य नसेल तर कुर्ल्याचे भाभा रुग्णालय किंवा शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय जवळ आहे. उपचारांची फाइल सोबत न्यावी आणि ‘केमो आणि शेक एकत्र चालू आहेत’ हे पहिल्याच वाक्यात सांगावे.

उपचार संपल्यावर पुढे काय?

कोर्स पूर्ण झाल्यावर रोग वाढलेला नसेल, तर काही रुग्णांना वर्षभर ड्युरव्हॅलुमॅब हे प्रतिकारशक्तीला चालना देणारे औषध देता येते. २०१७ मध्ये पुढे आलेल्या चाचणीत ते घेणाऱ्यांत पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण सुमारे ४३ टक्के होते, न घेणाऱ्यांत ३३ टक्के. औषध अतिशय महाग आहे. मात्र या चाचणीत किरणोपचार संपल्यापासून ४२ दिवसांच्या आत ते सुरू केले होते आणि ज्यांचे आधीच्या उपचारांचे दुष्परिणाम निवळले नव्हते, त्यांना घेतलेच नव्हते. पाचव्या आठवड्यात तब्येत सावरून ठेवण्याचा फायदा असा पुढेही पोहोचतो.

बहुतेकांची अन्ननलिका पूर्ववत होते. साधारण महिन्या-दीड महिन्यात पोळी पुन्हा उतरू लागते, तिखट सावकाश वाढवावे. थोड्या रुग्णांत मात्र तीन ते आठ महिन्यांनी घास पुन्हा अडकू लागतो. यावेळी जळजळ नसते, फक्त घन पदार्थ थांबतात, पाणी जाते. भरून येताना अस्तराखाली व्रण आकसून नळी अरुंद झालेली असते. दुर्बिणीने तपासून कारण पक्के करतात, कारण अशा वेळी रोग परतला नाही ना हेही पाहावे लागते. केवळ आकसलेली नळी असेल, तर दुर्बिणीतूनच ती रुंद करता येते. काहींना ही प्रक्रिया काही महिन्यांच्या अंतराने दोन-तीनदा करावी लागते. बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी जाता येते.